जूनपर्यंत थांबू न दिलेला कोच

वेस्ट विंडसरला आमच्या भागातल्या मुलींची एक फुटबॉल टीम होती. माझी अकरा वर्षांची मुलगी तिच्यात बचावफळीत खेळायची. एकूण चौदा मुली, त्यांतल्या नऊ देसी घरांतल्या. दोन हजार तीनच्या फॉलमध्ये, सप्टेंबरात, क्लबने नवा कोच आणला. तो मूळचा बेल्जियमचा. तिकडे दुसऱ्या श्रेणीच्या क्लबांतून चौदा वर्षं बचावपटू म्हणून खेळला, गुडघा गेल्यावर लहान मुलांना शिकवू लागला आणि मग बायको आणि दुसरीतल्या मुलीला घेऊन इकडे आला. "चौदा वर्षांत गोल किती केले?" मी विचारलं. "तीन," तो म्हणाला, "त्यातला एक आमच्याच जाळ्यात."

सरावाचा पहिला अर्धा तास तो मुलींना बॉल देतच नसे. बचावातल्या चौघींच्या हातात एकच लांब दोरी. चौघींनी एकदम सरकायचं. दोरी सैल पडता कामा नये आणि ताणली जाताही कामा नये. कडेला खुर्च्या टाकून बसलेले आमचे लोक वैतागायचे.

"अरे यार, बॉल कुठाय? पोरींना दोरीउड्या खेळायला आणलंय का?"

आदल्या सीझनमध्ये आमच्यावर एकतीस गोल झाले होते. त्याच्या हाताखाली नऊ झाले. हा आकडा मी सगळ्यांना सांगितला. कुणाला त्यात रस नव्हता, कारण आमचे गोलही कमी झाले होते. त्यातच त्याने सर्वांत जास्त गोल करणाऱ्या मुलीला बचावात खेळवलं. तिचा बाप भडकला आणि त्याने मार्चच्या सुरुवातीला आपल्या बेसमेंटमध्ये मीटिंग बोलावली.

कोचही आला. आमच्या रीतीप्रमाणे बूट गराजमध्ये काढून, मोजे घालून, मांडीवर चिवड्याची वाटी घेऊन बसला. प्रत्येक मुलीला रेटिंग द्या, टीममधला तिचा नंबर लेखी कळवा, अशी मागणी झाली. ऑफिसात आमचं अप्रेजल होतं, तसंच. तो म्हणाला, "अकरा वर्षांच्या मुलींना मी नंबर देणार नाही." आमच्यातला प्रत्येक जण नंबरांच्या जोरावर इथवर पोचलेला. कोचला माफी मिळणं शक्यच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात क्लबकडे तक्रारीची ईमेल गेली, आठ देसी घरांच्या नावाने. माझं नाव मी घालू दिलं नाही. क्लबने त्याला कामावरून काढायचं ठरवलं. त्याचा व्हिसा याच नोकरीवर होता. त्याने एवढंच मागितलं, की जूनपर्यंत ठेवा, मुलीचं शाळेचं वर्ष पुरं होऊ द्या. पालकांची हरकत नसेल तर आमची नाही, असं क्लबने कळवलं. उरलेल्या पाच घरांनी तुम्ही ठरवाल ते मान्य, असं सांगून टाकलं.

म्हणून पुन्हा तेच बेसमेंट.

"जूनपर्यंत राहू द्या त्याला," मी म्हणालो. "नोकरी गेली की देश सोडावा लागेल. हे मी तुम्हाला समजावून सांगायचं?"

"भाऊ, मेमध्ये पुढच्या वर्षाच्या टीमसाठी ट्रायआउट्स आहेत," गोल करणाऱ्या मुलीचा बाप म्हणाला. "नवा कोच आत्ताच पाहिजे."

"दोन हजार एकमध्ये तुझा ले-ऑफ झाला, तेव्हा व्हिसा टिकावा, आणखी एक महिना पेरोलवर ठेवावं म्हणून किती जणांपुढे शब्द टाकला आपण?"

"ती केस वेगळी होती. आपण क्वालिफाइड लोक, यार. हा काय, बॉल लाथाडतो."

काही जण हसले. त्या मुलीची आई म्हणाली, "भाऊजी, उगाच इमोशनल होताय. चहा घ्या."

चहा मी घेतला नाही. एका घराचं एक मत, असे हात वर झाले. जूनपर्यंत ठेवा म्हणणारा हात माझा एकट्याचा. या सगळ्यांच्या ग्रीन कार्डच्या फायली अडकलेल्या होत्या. वकिलाचा फोन आला की जेवण सोडून उठणारी माणसं ही. त्यांना काय कळत नव्हतं?

एप्रिलच्या सुरुवातीला मी त्या तिघांना एअरपोर्टवर सोडलं. वाटेत तो माझ्या मुलीबद्दलच बोलत होता. "ती मैदानावर गप्प राहते. बचावात सारखं ओरडावं लागतं. सांगा तिला." मागच्या सीटवर त्याची मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

शनिवारी मॅच होती. "भाऊ, या, खुर्ची ठेवलीय तुमची," मीटिंग बोलावणाऱ्या बापाने हाक मारली, जणू काही झालंच नव्हतं. मी मैदानाला वळसा घालून समोरच्या टीमच्या पालकांत जाऊन उभा राहिलो. हाफटाइमला मुलगी धावत आली. "बाबा, दॅट्स देअर साइड!"

"माहीत आहे मला," मी म्हणालो, "तू जा, पाणी पी. आणि खेळताना ओरड जरा." सीझन संपेपर्यंत मी तिथेच उभा राहत होतो.