नाला बुजवण्याची माझी हौस

आमच्या कॉलनीमागच्या टेकडीवरून एक नाला खालच्या तलावाकडे जायचा. वर्षातले आठ महिने कोरडा. डुकरं लोळायची, लोक कचरा टाकायचे. तो बुजवून वर बगीचा करावा, ही थोर कल्पना माझी. तेव्हा मी महिला मंडळाची सेक्रेटरी. चाळिशीच्या आतली, आवाज खणखणीत, आणि अक्कल? ती बहुतेक माहेरीच विसरून आले होते.

अर्जावर सह्या हव्या होत्या. उन्हातान्हात दारोदार कोण फिरणार, म्हणून मी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, एका हातात वाणाची स्टीलची वाटी आणि दुसऱ्या हातात पेन! वाण घेतल्यावर नाही कोण म्हणणार? फक्त उतारावरच्या शेवटच्या घरातल्या वहिनी थबकल्या. "अहो, पण मग पावसाचं पाणी जाणार कुठून?"

मी ठसक्यात म्हटलं, "जाईल हो कुठूनही. पाण्याला काय पत्ता सांगावा लागतो?"

सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या आणि त्यांनी सही केली.

बगीचा झाला, झोके लागले. टेकडीचं पाणी तलावात पोचेना, तलाव आटला, तशा आमच्या बोअरिंगा आटल्या. उन्हाळ्यात टँकर आला की मी या वयात बादली घेऊन पळते. पावसाळ्यात तेच टेकडीचं पाणी वहिनींच्या बैठकीत शिरतं. त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, लकव्यानं पलंगाला खिळलेत. गेल्या वर्षी पलंगाखाली विटा लावल्या. यंदा विटांवर विटा.

या उन्हाळ्यात पाणी अडवण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेकडून एक इंजिनियर मुलगी आली. म्हणाली, टेकडीवर चर खणायचे, झाडं लावायची, छोटे बांध घालायचे. निम्मं पाणी तिथंच मुरेल, उरलेलं नाल्यानं तलावात जाईल. बोअरिंगला पाणी येईल, वहिनींचं घर कोरडं राहील. "बस आजीजी, नाला खोलना पड़ेगा. बगीचा जाईल. कॉलनीवाल्यांची संमती आणून द्या."

मनात म्हटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ! निघाले कागद घेऊन. जुन्या मैत्रिणींपैकी काही वर गेल्यात, काही मुलांकडे पुण्याला. दारं उघडली सुनांनी.

"आजी, मग बच्चे खेलेंगे कहाँ?"

"आजी, आमची गाडी तिथंच लागते ना."

कोपऱ्यावरच्या घरातला भिया, म्हणजे आमच्याकडचा भैया, तर गेटवरच हसला. "माताजी, बंद भी आपने कराया, अब खुलवाओगे भी आप? पहले पक्का तो कर लो!"

मीही हसले. शेवटी कागदावर दोनच सह्या, माझी आणि वहिनींची. त्या मुलीनं कागद घेतला, घडी घातली आणि हळूच म्हणाली, "इतक्यानं नाही होणार, आजी. आता दुसऱ्या टेकडीचं काम घ्यावं लागेल." मी तिला पोहे खाऊन जा म्हटलं.

परवा सकाळपासून कोसळत होता. दुपारी वहिनींकडे गेले तर पाणी उंबऱ्याच्या आत आलेलं. आम्ही दोघींनी पलंगाची एक बाजू उचलायचा प्रयत्न केला. एक वीटही सरकवता आली नाही. भाऊजी छताकडे बघत पडून राहिले. वहिनींच्या मुलाला फोन केला, तो भोपाळहून म्हणाला, "शेजारून कुणाला तरी बोलवा." शेजारून मी आलेच होते.

पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. पाणी चपलांवरून घोट्याशी आलं. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते म्हणायला तोंड उघडलं, "वहिनी, तेव्हा तुम्ही विचारलं होतं ना..."

त्या भाऊजींच्या पायांवरची चादर वर खोचत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "पाय वर घ्या हो, सर्दी होईल."

मी पाय वर घेतले.