चावी नसलेली अध्यक्ष

“हात पदराखाली घे. किळस येईल त्यांना.”

वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. वहिनी म्हणजे आबांची बायको. राजापूरजवळच्या आमच्या गावात अर्धा डोंगर आबांचा, आंबा-काजूचा. पायथ्याला आमची बौद्धवाडी. त्यांची काजू बी आम्हीच फोडतो, आईच्याही आधीपासून. टरफलाच्या तेलाने हात काळे पडतात, सोलवटतात. त्यांच्याच बीने काळे झालेले हात, आणि किळस आमची.

त्या दिवशी रत्नागिरीहून साहेब यायचे होते. गरीब बायकांना मालकीण करणाऱ्या धंद्याला सरकार मदत देतं. हे आबांना आमच्या आधी कळलं. कळणारच. त्यांनी वाडीतल्या बायकांचा गट केला, मला अध्यक्ष केलं. काजू फोडायचं मशीन आमच्या नावावर आलं आणि आबांच्या खोलीत बसलं. चावी त्यांच्या कनवटीला. त्यांनी खोली उघडायची, आम्ही रोजावर राबायचं, माल त्यांनी विकायचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

वहिनींनी आम्हाला एकसारख्या साड्या नेसवल्या. ज्या खळ्यात माझी आई जमिनीवर बसून बी फोडायची, तिथे आम्हाला खुर्च्या दिल्या.

साहेबांनी विचारलं, “अध्यक्ष कोण?”

आबाच बोलले, “ही काय. घरचीच समजा.”

घरची म्हणे. त्या घराचा उंबरा मी आजवर ओलांडलेला नाही. माझं डोकं सणकलं. दोन्ही हात पदरातून काढले आणि साहेबांपुढच्या काजूगराच्या बशीशेजारी ठेवले.

“साहेब, मशीन आमचं, पण खोलीची चावी आमच्याकडे नाय. आम्ही इथं रोजावर राबतो.”

आबा हसले. “घाबरलीय, काहीतरी बोलतेय.”

साहेबांनी काजूगर तोंडात टाकला. “आपसात मिटवा,” म्हणाले आणि गाडीत बसले.

गाडी वळणाआड गेली नाही तोच वहिनी म्हणाल्या, “साड्या सोडा. घडी नीट घाला.”

गोठ्यामागे सोडल्या. माझी म्हातारी आत्या परकर-पोलक्यावर उभी, आणि आबांचे गडी हसत होते. आत्या रडली. मला रडू आलं नाही. अंगाची नुसती आग झाली होती.

“आत्ये, उद्यापासून इथं कोण यायचं नाय,” मी म्हटलं. आबाला अहोजाहो करायचं मी तिथंच सोडलं.

तेव्हापासून वाडीतली एकही बाई त्याच्या कामाला गेलेली नाही. शेजारच्या वाड्यांतही मी सांगून आले. बी पोत्यात पडून आहे, आणि पाऊस तोंडावर. वहिनीने त्याच साड्या पाठवल्या, मी दारातूनच परत धाडल्या. उद्या आम्ही सगळ्या रत्नागिरीला जातोय, त्या साहेबाच्या वरच्या साहेबाकडे. तिथं नाही ऐकलं तर त्याच्याही वर. मशीन वाडीत आणणार, त्या खोलीचं दार मोडावं लागलं तरी.

काल आबाचा गडी विचारायला आला होता, “मशीन तुमच्याकडं आलं, तर आमची बी फोडशील ना?”

नाही. सगळ्या गावाची फोडीन. त्याची सडू दे. मला ती सडलेली बघायची आहे.