राखणकाकीचा घोडा

राखणकाकीने कुठल्याही कामाला आधी ‘होय’ म्हटल्याचं मला आठवत नाही. मुंबईला निघालेला माणूस घराची चावी घेऊन तिच्या अंगणात उभा राहिला की ती उसळून उठायची. “माका काय धर्मशाळा समाजल्यात?” आणि हे म्हणत असतानाच चावीसाठी उजवा हात पुढे केलेला असायचा. चावी घेणारा तो हात आणि ती शिवी वाडीतल्या लहानथोरांच्या इतक्या सवयीची होती, की एखाद्या दिवशी ती गोड बोलली असती तर लोकांनी चावी परत खिशात टाकून दुसरं घर शोधलं असतं.

आमच्या वाडीत कुणीही गावाला गेलं की त्याच्या कोंबड्या, मांजरं, तुळस, पाण्याचा पंप, सगळं काकीच्या गळ्यात. म्हणून ती राखणकाकी. खरं नाव जनाबाई, ते मी तिच्या मतदार ओळखपत्रावर वाचलं तेव्हा मलाच परकं वाटलं. माझं घर तिच्या कुंपणाला लागून. मी मालवणच्या शाळेत शिकवते, त्यामुळे सकाळी निघताना माझीही चावी तिच्याकडेच असायची, आणि तिच्या बोलण्यातला माझा वाटा मला रोज मिळायचा.

आणि ही बाई स्वतः कुठे गेली? एकदा बहिणीच्या मुलाचं लग्न होतं खारेपाटणला. दोन रात्री राहीन म्हणाली. कोंबड्यांना दाणे घाल, एवढंच तिने पुतण्याला सांगितलं. पुतण्या म्हणजे संदेश, तिच्या दिराचा मुलगा, समोरच त्याचं पर्यटकांसाठीचं होमस्टे. तो म्हणाला, “काकी, सिझन आसा गो, माका खंय वेळ?” मी नेमकी शाळेच्या सहलीबरोबर बाहेर होते. काकी अक्षता टाकून, जेवणाचं पान अर्धं सोडून संध्याकाळच्या एसटीने परत आली. मला हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकी मात्र म्हणाली, “कोंबड्यांचो काय दोष?”

त्याच संदेशने पुढे घोडा आणला. पांढरा, नाव सुलतान. पर्यटकांनी त्याच्यावर बसून समुद्राकडे पाठ करायची आणि फोटो काढायचा, एवढंच त्याचं काम. मे संपला, पाण्यातले खेळ बंद झाले, पर्यटक गेले, आणि हे साहेब बायकामुलांना घेऊन काश्मीरला निघाले. जावं ना! वर्षभर राबलेल्या माणसाने सुट्टी घ्यावी, माझं काही म्हणणं नाही. पण घोड्याचं काय? तर तो नारळाच्या झाडाला बांधलेला, पुढ्यात भुशाचं पोतं, आणि कुडाळ स्टेशनावरून मला फोन. “बाई, घोड्याक जरा बघूक सांगा. काकी आसा मा!”

काकी आसा मा. त्याने तिला विचारलं नव्हतं. निघताना तिच्या दारावरूनच गाडी गेली होती, काच खाली करून हात हलवला होता म्हणे. वाऱ्यापावसाच्या दिवसांत नारळाखाली जनावर बांधू नये, झावळी नाहीतर नारळ केव्हा डोक्यात बसेल सांगता येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते झाड फोटोत चांगलं दिसायचं. मी निरोप सांगितला तेव्हा काकी तांदूळ निवडत होती. सूप आपटून ती उठली. “जनावर आसा ता! गाडी न्हय, उभी करून जावक!” आणि तशीच जाऊन घोडा सोडून आपल्या रिकाम्या गोठ्यात घेऊन आली.

सुलतान हे नाव तिने पहिल्याच दिवशी रद्द केलं. “खंयचो सुलतान? धनी टाकून गेलो, आणि म्हणे सुलतान!” ती त्याला बाबल्या म्हणू लागली. त्याच्यासमोर गवत टाकायची, पेज ठेवायची आणि संदेशला मनसोक्त शिव्या द्यायची. घोडा कान हलवत ऐकायचा. इतकं निमूट ऐकणारं तिला आयुष्यात कुणी भेटलं नसावं.

मग एका सकाळी ती माझ्या खिडकीखाली आली. चेहरा पार उतरलेला. “गो बाय, बाबल्याचा काय खरा नाय. खाता, पण रवंथ करणा नाय. बसणा पण नाय. रात्रभर उभोच. धन्याची वाट बघता गो तो.” काकीने जन्मभर गाई-म्हशी सांभाळल्या होत्या. रवंथ थांबला की जनावर आजारी, ही तिची खूण. मी शहाणी शिकलेली बाई, मला तरी कुठे काय माहीत? आम्ही दोघी गोठ्याच्या दारात उभ्या राहून घोड्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तोंड बंद.

काकीने नारळ काढला आणि वाडी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! ह्या मुक्या जनावराचो धनी ह्येका सोडून फिराक गेलो हा. तेका बुद्धी दी. तेका नसली तर नसांदे, पण ह्येच्या तोंडाक रवंथ दी रे म्हाराजा!” मी मागून रीतीप्रमाणे “व्हय म्हाराजा” म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

देवाचं उत्तर येईपर्यंत थांबायचा तिचा स्वभाव नव्हता. मला म्हणाली, लाव त्या मेल्याला फोन. संदेश व्हिडिओवर आला, मागे बर्फाचा डोंगर. “काकी, बघ गो, किती मस्त!” काकी कडाडली, “माका डोंगर दाखवू नको! ह्येका तुझा तोंड दाखव!” आणि फोन तिने घोड्याच्या नाकाशी धरला. घोड्याने फोन चाटला. पलीकडून हसण्याचे आवाज आले आणि रेंज गेली. ते हसणं माझ्या कानातून अजून जात नाही.

शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी घोड्याला सगळीकडून तपासलं आणि म्हणाले, “काकी, घोडा ठणठणीत आहे. घोडा रवंथ करत नाही. कुठलाच घोडा करत नाही. आणि झोपतो तो बहुतेक उभ्यानेच. पेज तेवढी बंद करा.” काकी जी पेटली! “मगे ह्या माका कोण सांगतला? ह्येचो धनी सांगान जावक होयो होतो मा? माझो जीव गेलो असतो हयसर!” डॉक्टर बिचारे दोन पावलं मागे सरकले. त्यांना तिने तशाच रागात चहा दिला, सोबत घावणे. मला तर हसूही येत होतं आणि रडूही. एक साधं वाक्य, जाताना सांगायचं, तेवढंही संदेशला जड झालं होतं.

संदेश परत आला. घोडा त्याला बघून खिंकाळला आणि सरळ त्याच्यामागून चालू लागला. काकी गोठ्याच्या दारात. “बघलंस? मेल्या बाबल्यान मागे वळान पण बघूक नाय!” तिच्यासाठी संदेशने काश्मीरची शाल आणली होती. ती तिने कोंबड्यांच्या खुराड्यावर घातली.

पुढच्या वैशाखात कुणी विचारायची वाट न बघता तिने गोठा झाडला, गळका कोपरा शाकारून घेतला, घोड्याच्या डोक्याला लागणारा वासा वर बांधला. आणि मग कळलं की संदेशने पावसाळ्याची कटकट नको म्हणून घोडा वेंगुर्ल्याच्या एका घोडेवाल्याला देऊन टाकला होता. काकी त्याच्या पडवीत जाऊन उभी राहिली. “तुझो घोडो, तू कोणाकय दी. पण सांगाक तोंड होता मा तुका?” संदेश म्हणाला, “तुझोच त्रास वाचवलंय गो!” त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. मीही त्याच्या घरचा चहा सोडला.

रविवारी ती मला घेऊन एसटीने वेंगुर्ल्याला गेली. घोडा किनाऱ्यावर होता, गळ्यात गोंड्यांची माळ. घोडेवाला मूळचा घाटावरचा, वयस्क, डोक्याला रुमाल. काकीने नमस्कारही केला नाही. “पावसात खंय ठेवतलंस ह्येका?” तो गोंधळला. “मी गावाकडं जातो, मावशी. लेकरं तिकडं हायत. बघू कुठंतरी सोय.” “बघू नको! माझ्या गोठ्यात हाड. पण येवन नीट इचार.”

तो आला. टेम्पोतून घोडा उतरवला, अंगणात चपला काढल्या, हात जोडले. “मावशी, मी सुट्टीला गावी चाललोय. घोडा ठेवू का तुमच्याकडं? उभ्यानंच झोपतो, घाबरू नका.” तिला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी असं विचारलं होतं. काकीचे डोळे भरलेले मी पाहिले. “माका काय धर्मशाळा समाजलंस?” ती ओरडली, आणि दोर घेतला. त्यानंतर दर पावसाळ्यात हे असंच होत राहिलं.

या चैत्रात काकी गेली. ताप काय आला आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलंच. घोडेवाल्याला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पावसाच्या तोंडावर त्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. तो चपला काढून अंगणात आला आणि बंद दाराकडे बघत राहिला. मी कुंपणाशी जाऊन सांगितलं. तो तिथेच खाली बसला, रुमाल तोंडाला लावून. मग उठून म्हणाला, “चला, नेतो माघारी. बघू कुठंतरी.” तोवर घोडा आपला आपण गोठ्यात जाऊन, त्या वर बांधलेल्या वाशाखाली उभा राहिला होता.

समोरच्या पडवीतून संदेशचा आवाज आला, “बाई, गोठ्यात आता माझ्या गाड्या ठेवतलंय हां!”

माझं डोकं फिरलं. शाळेत पोरांवरही मी इतकी कधी ओरडले नसेन. त्याच्यावर ओरडले, टेम्पोवर ओरडले, मग वळून त्या रडणाऱ्या म्हाताऱ्यावरही. “कोणीय येतला, कायय ठेवतला! माका काय धर्मशाळा समाजल्यात?” तो दचकून माझ्याकडे बघू लागला, आणि मग माझ्या हाताकडे. हात दोरासाठी पुढे झालेला होता.

घोड्यातलं मला काही म्हणजे काही कळत नाही. तो रवंथ करत नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.