‘येते’ म्हणून गेले

शेठजींना हॉटेलात झोप लागत नसे, कारण हॉटेलातल्या प्रत्येक खोलीला दुसरी किल्ली असते. विमानाच्या पायऱ्यांवर बसून चहा पिता पिता त्यांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती दुसरी किल्ली कोणाच्या खिशात आहे हे माहीत नसताना माणूस डोळे मिटतोच कसा, असा त्यांचा सवाल होता. म्हणून जयपूरला आले की ते आपल्याच विमानात राहायचे, आठ-दहा दिवस, कधी जास्तच. त्यांचे पायलट शहरात चांगल्या हॉटेलात दोन-दोन उशा घेऊन झोपायचे आणि मालक इकडे पत्र्याच्या नळकांड्यात. मला तेव्हा हसू आलं होतं. त्या हसण्याची आता लाज वाटते.

सीकर रोडने विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र ओलांडलं की कारखाने विरळ होत जातात आणि बाभळी सुरू होतात. तिथे एक खासगी धावपट्टी होती. एक हँगर, भरपूर मोर आणि आम्ही सात-आठ माणसं. येणाऱ्या विमानांची साफसफाई, पाणी, जेवण, चादरी हे सगळं माझ्याकडे. हुद्दा सुपरवायझरचा होता, पण शेठजी आले की मी त्यांचं घर आवरत असे, दुसरं काही नाही. आठ खुर्च्यांपैकी चार काढून तिथे पलंग बसवला होता. दाढीचा ब्रश पेल्याच्या खाचेत असे, चष्मा खुर्चीच्या पट्ट्याला अडकवलेला. धुतलेला पंचा दोन खुर्च्यांच्या पाठीवर वाळत असायचा. खिचडी गरम करायला छोटा ओव्हन होता. आंघोळीला तेवढे ते हँगरमध्ये यायचे. सिविल लाइंसमधल्या बंगल्यांतून त्यांना जेवणाची बोलावणी यायची, तिथली माणसं राहण्याचाही आग्रह करायची. शेठजी जेवायचे, पान खायचे आणि परत येऊन विमानाचं दार आतून लावून घ्यायचे.

दाराची किल्ली एकच. ती त्यांच्या गळ्यात काळ्या गोफात असायची. पंखावरचं आपत्कालीन दार एरवी बाहेरून उघडता येतं, पण त्यालाही त्यांनी आतून खीळ घालून ठेवलेली. मी एकदा म्हटलं की सेठजी, एक किल्ली ऑफिसात ठेवा, वेळ काही सांगून येत नाही. ते म्हणाले, मग हॉटेलात काय वाईट होतं?

त्यांचं रात्रभर परदेशात फोनवर बोलणं चालायचं, म्हणून झोप दुपारची, एक ते चार, गोळी घेऊन. मे महिन्यातली जयपूरची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय सांगू. लू, तो भाजून काढणारा वारा, सुटली की धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नसे आणि मोर हँगरच्या सावलीत चोच उघडी टाकून बसत. विमानाचा पत्रा तापून टक् टक् वाजायचा. एकदा मी पंखाला चुकून हात लावला, तर तळव्याला फोड आला. अशा त्या नळीत माणूस जिवंत राहायचा तो केवळ बाहेर उभ्या असलेल्या एका डिझेलच्या यंत्रावर. ते यंत्र पिवळ्या जाड पाइपातून आत थंड हवा ढकलायचं. चालू असताना पाइप टम्म फुगलेला दिसायचा. बंद पडलं की पाइप जमिनीवर लोळायचा. मला तो पाइप सतत बघायची सवयच लागली होती. चहा पिताना, फोनवर बोलतानासुद्धा माझा डोळा तिकडे.

म्हणून नियम मीच केला आणि हँगरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून टाकला: ‘सेठजी भीतर, तो एक आदमी बाहर।’ यंत्रापाशी माणूस दिसला नाही तर मी कोणाचीही गय करत नसे. माझी जीभ तिखट आहे, हे मला माहीत आहे. डिझेलच्या खोलीची किल्लीसुद्धा मी माझ्याच पर्समध्ये ठेवत असे, कारण मागे एकदा पिंपातलं डिझेल कमी झालं होतं आणि चोर सापडला नव्हता. तिचीही दुसरी किल्ली नव्हती. शेठजींना हसणारी मी, पण ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नाही.

आता माझ्या मराठीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. बाबा रेल्वेत, वर्ध्याहून बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. माझा जन्म इथल्या रेल्वे क्वार्टरमधला. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. माझ्या मराठीत अजूनही दर दोन वाक्यांत ‘मतलब’ येतं आणि वर्ध्याचे नातेवाईक हसतात. पण आईने एका बाबतीत कधी सूट दिली नाही. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही. शाळेत जाताना, दुधाला जाताना, कुठेही. चुकून तोंडातून निघालंच तर ती दारातून परत बोलवायची.

“जाते काय म्हणून राहिली? येते म्हण.”

मी चप्पल घालून परत उंबऱ्यापाशी यायची, ‘येते’ म्हणायची, मगच सुटका. ते इतकं अंगात मुरलं की हिंदी बोलतानाही माझ्या तोंडून ‘जाती हूँ’ निघत नाही. काम संपवून घरी निघताना मी म्हणते, ‘आती हूँ’. हिंदीत त्याचा अर्थ, थांबा, मी आलेच.

शेठजींना मी पहिल्या संध्याकाळी असंच म्हणून निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फुरंगटून बसलेले. मी परत येणार म्हणून त्यांनी तासभर दार उघडं ठेवलं होतं, आणि दार उघडं ठेवणं त्यांना किती जड गेलं असेल ते मी समजू शकते. मी ओशाळून सगळं समजावलं, आमच्यात जाताना जाते म्हणत नाहीत, ते अशुभ. त्यांना फार मौज वाटली. मला ते बाईसा म्हणायचे.

“मतलब बाईसा, आप कहें ‘आती हूँ’, तो मैं समझ लूँ कि नहीं आएँगी।”

तेव्हापासून ही आमची रोजची थट्टा. मी निघताना ‘आती हूँ’ म्हणायची आणि आतून त्यांचा आवाज यायचा, मत आइए. माणूस संशयी होता, पण त्या थट्टेत मला माया जाणवायची.

यंत्रावरचे उस्तादजी जुने होते. मी ‘आती हूँ’ म्हटलं की ते न बोलता हात पुढे करायचे आणि मी डिझेलची किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवायची. पाच वर्षं हेच चाललं होतं. किल्ली द्यायची असते हे माझ्या डोक्यात नव्हतंच, ते त्यांच्या हातात होतं. त्या मेमध्ये मुलीच्या लग्नासाठी ते गावी गेले आणि त्यांच्या जागी एक नवे गृहस्थ आले. पन्नाशीचे, सभ्य, कमी बोलणारे. भिंतीवरचा नियम त्यांनी दोनदा वाचला. मला बरं वाटलं.

त्यांचा तिसरा दिवस. आधीचे दोन दिवस त्यांची पाळी माझ्या आधी संपली होती, त्यामुळे माझं निघणं त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पट्टी काढायला बनी पार्कजवळच्या दवाखान्यात दीड वाजता बोलावलं होतं. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी एकला शेठजींनी दार लावलं. पाइप फुगलेला होता. मी यंत्रापाशी गेले, काटा पाहिला, डिझेल कमी होतं पण तासभर पुरेल एवढं. नवे गृहस्थ स्टूलवर बसले होते.

“आती हूँ, भैया,” मी म्हटलं.

“जी मैडम,” ते म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला नाही. करणार तरी कसा? मी वळले आणि फाटकाबाहेर आले. लू तोंडावर आली आणि मी ओढणीने तोंड बांधून रिक्षात बसले.

दवाखान्यात फोन बंद करायला लावले. आईचा नंबर उशिरा लागला. पट्टी निघाली, डॉक्टरांनी थेंब घातले आणि पुन्हा हलकी पट्टी बांधून काळा चष्मा लावायला सांगितलं. बाहेर बाकावर आईला बसवून मी चष्म्यासाठी पर्समध्ये हात घातला आणि हाताला किल्ली लागली.

मला कळायला क्षणसुद्धा लागला नाही. घड्याळात तीन वाजले होते. फोन चालू केला तर नव्या गृहस्थांचे कॉलच कॉल. शेवटचा दहा मिनिटांपूर्वीचा. मी लावला तर त्यांनी ओरडून नाही, रडवेल्या आवाजात विचारलं, “मैडम, आप तो बोली थीं, आती हूँ?” मागे कोणीतरी पत्र्यावर काहीतरी आपटत होतं.

आईच्या हातात चष्मा कोंबला आणि मी म्हटलं, “आई, मी येते.” आणि पळत सुटले.

नंतर सगळं समजलं ते असं. नवा माणूस जागेवरून हलला नव्हता. नियम त्याने पाळला. डिझेल संपत आलेलं दिसत होतं, पण मैडम येतातच आहेत आणि किल्ली त्यांच्याकडे आहे म्हणून तो वाट बघत राहिला. यंत्र दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. पाइप खाली पडला. त्याने मला फोन लावले. मग झोपेत उठवायची मनाई असूनही शेठजींना लावला. मग दार ठोठावलं. डिझेलच्या खोलीचं कुलूप तुटेना, मग कोणाची तरी मोटरसायकल घेऊन रस्त्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणला. या सगळ्यात तास गेला. पत्र्याच्या आत तो तास कसा गेला असेल याचा विचार मी करत नाही, म्हणजे रोज करते.

मी पोचले तेव्हा पाइप पुन्हा फुगलेला होता. हे मला सगळ्यात भयानक वाटलं. विश्वकर्मातल्या एका वर्कशॉपचा माणूस पंखावर ओली पोती टाकून, त्यांवर बसून आपत्कालीन दार कटरने कापत होता, ठिणग्या उडत होत्या. मी हातात डिझेलची किल्ली धरून उभी होते, जणू ती कोणाला अजून हवी होती. शेठजींना बाहेर काढलं तेव्हा ते पलंगावर नव्हते, मुख्य दाराच्या आत जमिनीवर होते. गळ्यातला गोफ ओढून अर्धा बाहेर आलेला. दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी ते गेले.

चौकशी आमच्या कंपनीने केली, हँगरच्या ऑफिसात, तीन माणसं आणि एक टेबल. मला विचारलं, तुम्ही ‘आती हूँ’ म्हणालात का? म्हणाले. परत येण्याचा विचार होता का? नव्हता. मग तसं म्हणालात कशाला? मी सांगायचा प्रयत्न केला. आई, उंबरठा, अशुभ. हिंदीत ते सगळं इतकं खुळं वाटत होतं की माझा मलाच राग आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं: आने को कहा, नहीं आईं.

मग नव्या गृहस्थांना विचारलं, शेठजींनी फोन उचलला होता का? ते म्हणाले, उचलला होता. गोळीच्या गुंगीत होते. मी सांगितलं की डिझेल संपलंय, मैडम चाबी लेकर आ रही हैं. शेठजींनी विचारलं, मैडम नेमकं काय म्हणाल्या? मी म्हटलं, बोली हैं, आती हूँ.

“तो सेठजी बोले, तब तो नहीं आएँगी। और फोन रख दिया। मैं समझा, नींद में हैं।”

खोलीत कोणालाच त्याचा अर्थ लागला नाही. अर्थ कळणारी मी एकटी होते, आणि दुसरा माणूस गेला होता. त्यांना कळलं होतं. मी येणार नाही हे सगळ्या जयपुरात त्या एका माणसाला बरोबर कळलं होतं, आणि गोळीने त्याला पुन्हा झोपवलं. मी तिथेच रडले. टेबलामागच्या माणसाने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो मी घेतला नाही.

आता मी बनी पार्कमधल्या एका गेस्टहाउसमध्ये काम करते. चौदा खोल्या आहेत आणि चौदाही खोल्यांची दुसरी किल्ली माझ्या कमरेला असते. पाहुणे दुपारी झोपले की मी जिन्यात थांबून त्यांच्या दारांकडे बघत राहते. निघताना काउंटरवरच्या भैयाला सांगते, मैं जा रही हूँ, कल सुबह आठ बजे आऊँगी. तो म्हणतो, मैडम, रोज तर आठलाच येता. मी तरी सांगते.

त्या दिवशी आई दवाखान्याच्या बाकावर दिवे लागेपर्यंत बसून होती. डोळ्यांना पट्टी, हातात काळा चष्मा. दवाखाना बंद करणाऱ्या बाईने तिला घरी आणून सोडलं. तिने मला एकच वाक्य ऐकवलं, रागाने नाही. “तू येते म्हणाली होती, म्हणून बसली.”

सकाळी कामाला निघताना मी उंबऱ्यावर थांबते आणि म्हणते, “आई, जाते. सात वाजता घरी येईन.” ती दारात उभी असते. मला परत बोलावत नाही.