फोटो छापलेले कप

जयंतीच्या मिरवणुकीत लाखनीच्या हमरस्त्यावर ताक वाटायचं, ही कल्पना बायकोची. साध्या कागदी कपांऐवजी फोटो छापलेले कप आणायचे, ही माझी. आमच्या घरात फसलेली कल्पना कुणाची, हे विचारावं लागत नाही.

फोटो जुनाच, आमच्या भिंतीवरचा: कोट, चष्मा, खिशाला पेन. ज्यांच्यामुळे माझ्या आज्यानं धर्म बदलला आणि पुढं मी कचेरीत खुर्चीवर बसलो, ते. रोज सकाळी आम्ही त्यांच्यापुढे हात जोडतो. छापणाऱ्यानं विचारलंही होतं, "नक्की कपावरच ना, साहेब?" मी म्हणालो, "मंग काय बशीवर?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो.

दुपारी वाटप सुरू झालं. पांढरी साडी नेसलेली एक बाई ताक पिऊन तिथंच उभी राहिली.

"भाऊ, हा कप कुठी टाकू?"

मी शेजारच्या ड्रमकडे बोट दाखवलं. आत केळीची सालं, त्यावर कुणीतरी खर्रा थुंकलेला. तिनं ड्रमकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याच्यात? याच्यात टाकू याईले?"

तिच्याआधी चार जण कप घेऊन पुढं गेले होते आणि मागून हजारो पायांची मिरवणूक येत होती. हा फोटो एकाच्याही पायाखाली चेंगरलेला दिसला असता, तर कुणी केलं हे विचारायच्या आधी काचा फुटल्या असत्या. संशय भलत्याच वस्तीवर गेला असता, आणि कप माझे!

मी पळालो. या पोटासकट पळालो. तिघं लगेच सापडले. तिघांच्याही हातात रिकामा कप तसाच, टाकायची हिंमत कुणाला झाली नव्हती. चौथ्याचा मात्र हातातून उडून उभ्या ट्रकखाली गेला होता. मी पांढऱ्या सदऱ्यानिशी रांगत आत शिरलो आणि वर इंजिन घुरघुरलं.

"रुको भैया! फोटो है!" मी ओरडलो.

ड्रायव्हर खाली वाकला. "किसका? बीवी का? निकल बाहर, मरना है क्या?"

पाठीला ग्रीस फासून, कप छातीशी धरून मी जिंकल्यासारखा परत आलो. तोवर रांग लांबली होती. उन्हानं माणसं हैराण, आणि बायकोनं वाटप थांबवलेलं.

"अवो, आता कायच्यात द्याचं?"

माझं डोकं त्या दिवशी फारच चालत होतं. मी ताकाचा जग उचलला. "कप नको! ओंजळ करा, वरून ओततो!"

रांगेत पहिला होता आमच्या मोहल्ल्यातला एक थकलेला म्हातारा. त्याचे हात पुढं आले नाहीत. मागचेही कुणाचे आले नाहीत. डीजे जवळ येत होता.

"बाबू," तो हळूच म्हणाला, "तुह्या आज्याले असंच पाजत होते. वरून. भांड्याले हात नाही लागला पायजे म्हणून. मी लहान होतो, संगं उभा होतो."

ग्रीस, सदरा, ट्रक, मघाची सगळी बहादुरी माझ्या अंगावरून गळून पडली. बायकोनं माझ्या हातातून जग काढून घेतला आणि मागच्या गल्लीत जाऊन घराघरातून स्टीलचे गिलास आणले.

म्हाताऱ्यानं गिलास घेतला. ओठ काठाला नीट लावले आणि घाई न करता शेवटच्या घोटापर्यंत प्याला. मग उष्टा गिलास माझ्यापुढं धरला.

"धू."

मी पाण्याच्या टबापाशी उकिडवा बसलो. मिरवणूक आली, निळे झेंडे आले म्हणे, घोडाही होता म्हणे. मी गिलास धूत होतो आणि रस्त्याकडे पाहत होतो. मला फक्त पाय दिसले. पायांखाली काही नव्हतं.