काकूंच्या पाठीमागे बंद केलेलं यंत्र

काकू एक दिवस, फक्त एक दिवस रजेवर होत्या. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तेवढ्यात ऑफिसातल्या या शहाण्यांनी बैठक घेतली आणि काकूंचं यंत्र बंद करायचं ठरवूनही टाकलं!

यंत्र एका जुन्या यानात होतं, पार सूर्याच्या वेशीपाशी. सूर्याच्या वाऱ्याने आपल्याभोवती एक अवाढव्य बुडबुडा फुगवलाय, त्याच्या कडेला यान पोहोचत आलं होतं. आतले सूर्याचे कण किती आणि बाहेरून, ताऱ्यांकडून येणारे कण किती, हे ते यंत्र मोजायचं. काकू लग्नाआधीपासून त्याच्या आकड्यांपुढे बसलेल्या. गटातले बाकीचे कुणी निवृत्त झाले, कुणी वारले. नवरा यंत्राला सवत म्हणायचा. लेक म्हणायची, आईला माझ्या तापाआधी त्याचा ताप कळतो. चेष्टाच ती, पण अगदीच खोटी नव्हती.

यानातली वीज वर्षागणिक आटत होती. कुठल्या तरी यंत्राला ऊब देणारा हीटर बंद करणं भाग होतं, ते काकूंनाही मान्य होतं. पण बैठकीत पडद्यावर लावला कोणता, तर सूर्यकणांचा आलेख. कायम तोच लावायची पद्धत! रेघ तळाला टेकलेली. "गेलं हे यंत्र," साहेब म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेरच्या कणांचा आलेख उघडायची तसदी एकानेही घेतली नाही. तो काकू उघडायच्या ना!

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, तर बंद करायचा हुकूम पहाटेच यानाकडे रवाना झालेला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी साहेबांच्याच टेबलावर दुसरा आलेख उघडला. रेघ सरळ वर चढत होती.

"मेलं नाहीये ते, साहेब! सूर्याचे कण संपलेत, कारण ते वेशीबाहेर पडलंय. याच्यासाठीच तर पाठवलं होतं ना त्याला? मला एक फोन नाही करता आला?"

"तुम्ही दवाखान्यात होतात, काकू. म्हटलं, कशाला त्रास..."

"त्रास? आख्खं आयुष्य घातलंय मी त्यात!"

साहेबांचा चेहरा उतरला. "परत चालू करायचा हुकूम पाठवा. आत्ताच्या आत्ता."

काकूंनी पाठवला. पण संदेशाला तिथवर जायलाच जवळजवळ एक दिवस लागतो, आणि पुढे गेलेल्या संदेशाला मागचा कधीच गाठत नाही. मधले काही तास यंत्र बंद राहणारच होतं. याच यानातलं शेजारचं यंत्र मागे असंच बंद केलं होतं, ते तासाभरात गारठून कायमचं गेलं. साहेबांनाही हे ठाऊक होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पडद्यासमोर बसून होत्या. तिकडे यंत्र एव्हाना थंड पडलं होतं. त्याने आधी पाठवलेले आकडे मात्र अजून वाटेत होते, ते येतच राहिले.

साहेब स्वतः चहा घेऊन आले. मागून पडद्याकडे बघू लागले. "किती सुंदर आकडे येताहेत, काकू."

काकूंनी चहाला हात लावला नाही.

"येणारच," त्या म्हणाल्या. "हे निघाले तेव्हा त्याला बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं, आपण काय ठरवून बसलोय ते."