कांचनच्या घरचं एक मिनिट

बसा, चहा घ्या आधी. किस्सा हसण्यासारखा आहे, पण मधेच तुमचं हसू थांबलं तर मला बोल लावू नका. माझं तर कधीच थांबलंय.

मूर्खपणा कोण करत नाही हो? पण चौदा वर्षं मराठी शिकवणाऱ्या मास्तरानं मराठीच्याच एका वाक्यात असा खड्डा खणावा, आणि त्यात स्वतः न पडता दुसऱ्या कोणाला ढकलावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मी सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत चौथीला शिकवतो. मागच्या वर्षी वरून आदेश आला. मुलांचं वाचन अस्खलित झालं पाहिजे! म्हणजे पोरानं न अडखळता, समजून, नळ सोडल्यासारखं वाचलं पाहिजे. आता हे मोजायचं कसं? तर मिनिटाला किती शब्द वाचले, त्यावर.

झालं! माझ्या हाती मोबाइलचं स्टॉपवॉच आलं आणि मी मास्तरचा रेल्वेचा गार्ड झालो. पोरगं समोर उभं करायचं, बटण दाबायचं, "चल, सूट!" म्हणायचं. पोरं अशी सुटायची की पूर्णविरामावरही थांबायची नाहीत. एका पोरीनं तर घाबरून विचारलं, "सर, श्वास घेतला त चालते का?"

समजून वाचायचं ते राहिलं बाजूला. पण तक्ता काय सुरेख भरत होता! निळ्या शाईत आकडे रोज वर वर चढत होते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, येता जाता तक्त्याकडे पाहून मान हलवायच्या. मला अजून चेव आला.

त्या चेवात मी एक उतारा लिहिला. संत्र्याच्या बागेवर, चांगला जोडाक्षरं पेरून. झेरॉक्स काढून घरोघरी दिला आणि पालकांच्या ग्रुपवर दोन ओळींचा मेसेज टाकला, की घरी रोज एक मिनिट वाचन व्हावं आणि त्याचा आवाज मला पाठवावा. टाकला आणि मोकळा झालो. पुन्हा वाचून पाहायला वेळ कोणाला होता?

संध्याकाळपासून आवाज यायला लागले. बाप्पा, काय ते आवाज! कोणाच्या मागे टीव्ही, कोणाच्या मागे भांडण, कोणाच्या मागे आई हळूच शब्द सांगून राहिली. मी चहा पीत ऐकायचो आणि वहीत आकडे टाकायचो.

आणि मग कांचनच्या घरून आवाज आला.

कांचन म्हणजे दुसऱ्या बाकावरची, तेल चोपडून दोन वेण्या घालणारी, हळू बोलणारी मुलगी. वडील ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आई एका मेसमध्ये पोळ्या लाटते. वर्गात कांचन चांगली वाचायची, मिनिटाला सत्तरेक शब्द. आणि मोबाइलवर?

"सं... त... संत... रा... संत्र्यां... चा... सु... गं... ध..."

बारा शब्द! पूर्ण मिनिटात बारा! आवाज इतका दबका, जसं कोणी चोरून वाचत असावं. त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या.

मला वाटलं, पोरीची तब्येत बरी नसेल. दुसऱ्या दिवशी तेरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा बारा.

माझी बायको मंदा स्वयंपाक करता करता ऐकत होती. म्हणाली, "अहो, हा लेकराचा आवाज वाटत नाही मले."

"मंदा, चौदा वर्षं लेकरं मी शिकवून राहिलो का तू?"

"तुम्हीच. मी फक्त ऐकून राहिली."

हे वाक्य तेव्हाच कानात शिरायला हवं होतं. पण मास्तरचे कान बोलण्यासाठी असतात, ऐकण्यासाठी नाही.

मी काय निष्कर्ष काढला असेल? सांगा बरं. मी ठरवलं की कांचन लबाड आहे! वर्गात उतारे पाठ करून येते, घोकलेलं धाडधाड म्हणते, आणि घरी नवीन उतारा दिला की खरं रूप बाहेर पडतं. शोध लावल्याचा कोण आनंद झाला मला!

मग मीही आवाज पाठवायला लागलो. "बेटा, घाई नको. जोडाक्षर आधी फोड, मग जोड. आणि कुकरजवळ बसून नको वाचू, शांत जागा पाहा." उत्तर यायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी कुकर दूर गेलेला असायचा. जोडाक्षर फोडलेलं असायचं, मग जोडलेलं असायचं. पंधरा शब्द झाले, मग सतरा.

माझी छाती फुगली, पण लबाडीचा राग काही जाईना. शेवटी मी कांचनला कच्च्या मुलांच्या गटात बसवलं. बाराखडीपासून! ती मुकाट्यानं क, का, कि, की गिरवायला लागली. चार दिवसांनी मी तिला टेबलाजवळ बोलावलं.

"काहून वं कांचन, घरी अशी काहून वाचते?"

खाली पाहून म्हणाली, "मी नाही वाचत, सर."

"तेच त म्हणतो मी! वाचत नाही म्हणूनच असं होते!"

"तसं नाही सर. मी वाचतच नाही."

"वरून तोंड वर करून सांगते!"

"सर, आई..."

"आईला मधात आणू नको! आई बिचारी दिवसभर राबते, अन् तू तिच्या मोबाइलवर असे उद्योग करते?"

पोरगी परत बाराखडीच्या गटात जाऊन बसली. तोंड वर तर तिनं एकदाही केलं नव्हतं, बरं का. हे मला आत्ता दिसतं.

यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण शनिवारी पालकसभा होती, आणि मला स्पीकर मिळाला होता.

हॉल भरलेला. पोरं बाहेर व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना लटकलेली. मोठ्या बाई खुर्चीवर. मी अस्खलित वाचनावर अस्खलित भाषण ठोकलं आणि म्हणालो, "आता दोन नमुने ऐका. नाव घेत नाही कोणाचं." बघा मोठेपणा!

पहिला नमुना एका हुशार पोराचा. ऐंशी शब्द. टाळ्या पडल्या.

"अन् आता हे ऐका. वाचन कसं नसावं!"

स्पीकर फुल होता. त्या दबक्या आवाजानं सगळा हॉल भरून गेला.

"बा... गे... त... सं... संत्... र्यां..."

आधी मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "हे कोणाचं लेकरू होय गा? याची गाडी त पहिल्याच गिअरमधी अडकली!" सगळे हसले. खिडकीतली पोरं हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. मास्तरला साजेसं, मान तिरकी करून, थोडंसं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक बाई उभी राहिली. बारकीशी, फिक्या हिरव्या साडीतली. मनगटाला पीठ सुकलेलं. मेसमधून तशीच आली असावी.

"सर, ते बंद करा न."

मी म्हणालो, "ताई, एक मिनिट पूर्ण होऊ द्या."

"बंद करा, सर. तो आवाज माहा आहे."

मी बंद करायला गेलो आणि घाबरून आवाज अजून वाढवला. "सु... गं... ध..." असं हॉलभर घुमलं, तेव्हा कुठे बटण सापडलं.

मला वाटलं, तिचीच चोरी पकडली गेली. म्हणालो, "ताई, कांचनच्या ऐवजी तुम्ही काहून वाचलं?"

ती गोंधळली. "तुम्हीच त लिहिलं होतं न, सर. कांचननं मले वाचून दाखवलं. दोनदा वाचून घेतलं म्या."

मोठ्या बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, चष्मा चढवला आणि माझा मेसेज मोठ्यानं वाचला. एकही शब्द न अडखळता. "सर्व पालकांनी रोज एक मिनिट मोठ्याने वाचन करावे व त्याचा आवाज मला पाठवावा."

पालकांनी! 'पाल्याकडून वाचन करून घ्यावे' हे माझ्या डोक्यात होतं, मेसेजमध्ये नव्हतं. वर्गातल्या बाकी सगळ्या घरांनी सरांना काय म्हणायचं असेल ते ओळखलं. या एका घरानं जे लिहिलं होतं ते वाचलं. आणि वाचलं कोणी? जिला मी बाराखडी गिरवायला बसवलं होतं, तिनं.

कांचनची आई अजून उभीच होती. काहीतरी बोलायलाच हवं, अशा आवाजात म्हणाली, "मी दुसरीतून शाळा सोडली, सर. मले वाटलं, तुम्ही आमालेबी शिकवून राहिले. तुम्ही रोज सांगत होते न, फोड अन् जोड... बेटा म्हणत होते..."

आणि ती गेली. चप्पल दाराशी होती, ती घालतानाही तिनं मागे पाहिलं नाही. खिडकीतली कांचनही दिसेनाशी झाली.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या मोबाइलवर बाकी एकूण एक घरून आवाज आले. कांचनच्या घरून नाही आला. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्याही नाही. मंदानं विचारलं, "आज ती बाई नाही वाचली?" म्हणजे हिला आधीपासूनच माहीत होतं ती बाई आहे म्हणून!

शेवटी मेसवर गेलो. मागच्या दारानं, जिथे त्या चौघी-पाचजणी पोळ्या लाटतात. मला पाहून बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं होतं, मी मोठ्या मनानं माफी मागेन, ती रडेल, मी समजूत काढेन. मनात वाक्यंही जुळवून ठेवली होती. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "ताई... ते... त्या दिवशी..." आणि पुढे काहीच येईना.

तिलाच माझी कीव आली. लाटणं न थांबवता म्हणाली, "जाऊ द्या न, सर. तुमची काय चूक? मलेच समजायले पाहिजे होतं. या वयात सर काहून शिकवतील आमाले?"

"शिकवीन न! पाठवत जा तुम्ही. मी ऐकीन."

"नाही सर." तिनं पोळी तव्यावर टाकली. "बाया हसतात. त्याइच्या लेकरायनं घरी सांगितलं."

कांचनला मी त्याच दिवशी बाराखडीतून उठवलं. दुसऱ्या बाकावर परत बसवलं. वर्गासमोर सांगितलं की चूक माझी होती. ती "हाव सर" म्हणाली. वाचायला उभी केली की वाचायची, पण मिनिट संपायच्या आत बसायची. स्टॉपवॉच मी बंद केलं. तक्ता मात्र भिंतीवर राहिला, मोठ्या बाईंना आवडायचा म्हणून.

मग निकालाचा दिवस आला. पालकांची रांग, टेबलावर प्रगतिपत्रकांचा गठ्ठा. जो तो यायचा, टक्केवारीवर नजर टाकायचा, सही करायचा, चालला. कांचनची आई आली. मला वाटलं, पटकन सही करून निघेल. पण तिनं पत्रक टेबलावर ठेवलं आणि शब्दाखाली बोट धरलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मागची रांग कुरकुरायला लागली. ती हलली नाही. पहिल्या ओळीपासून शेरा येईपर्यंत बोट सरकत राहिलं आणि शेऱ्यावर थांबलं. परत मागे गेलं. परत पुढे आलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "इथं 'मुलगा नियमित वाचन करतो' असं लिहिलं आहे का? का माहं चुकून राहिलं?"

मी पत्रक ओढून पाहिलं. मुलगा! मी पहिल्या पोराचा शेरा लिहिला होता आणि तोच सगळ्या गठ्ठ्यावर उतरवत गेलो होतो. एकूण एक पोरगी 'मुलगा' करून टाकली होती. मी सह्या केल्या, मोठ्या बाईंनी केल्या, रांगेतल्या शिकल्यासवरल्या आयाबापांनी केल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही. सही करून दाराशी थांबलेली एक बाई पत्रक उघडून ओरडली, "अव्वं माय, माह्याही पोरीचा मुलगा केला की यायनं!" आणि जो हशा पिकला, बाप्पा! सगळी रांग माझ्यावर हसली. मला बरं वाटलं, खरंच सांगतो. त्या हशात कांचनच्या आईनं सामील व्हावं, असं फार वाटत होतं.

ती नाही हसली. मी खाडाखोड करून 'मुलगी' लिहीपर्यंत थांबली. मग सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

मी म्हणालो, "ताई, तुमचं वाचन किती सुधारलं! चालू ठेवलं न?"

"ठेवलं न, सर. रोज वाचतो मी." पत्रकाची घडी करून तिनं पिशवीत ठेवलं. "आता मनातल्या मनात वाचतो. मोठ्यानं नाही वाचत."

आम्हाला डीएडला शिकवलं होतं, की प्रकट वाचनाच्या पुढची पायरी मूकवाचन. वर्गातल्या पोरांना त्या पायरीवर न्यायला मला वर्ष पुरत नाही. तिच्या बाबतीत एक मिनिटही लागलं नाही.